ॲड्रिनल पेशींवर पंचगंगेच्या पाण्याचा अर्क : टेस्टोस्टेरॉन उतरलं, एस्ट्रॅडिओल चढलं, मग बिघडलं नक्की काय?

पंचगंगाकाठ

एच२९५आर या माणसाच्या ॲड्रिनल (मूत्रपिंडावरची, स्टेरॉइड हार्मोन करणारी ग्रंथी) पेशींवरच्या चाचणीचा निकाल कसा वाचायचा, यावर जाणकारांचं मत हवं आहे. मांडणी अशी : राजाराम बंधाऱ्याच्या वरचं आणि खाली तेरवाड बंधाऱ्याजवळचं पाणी, प्रत्येकी १ लिटर. त्यातली सेंद्रिय रसायनं एचएलबी कार्ट्रिजवर (ती शोषून धरणारी नळी) पकडून मेथॅनॉलने उतरवली, सुकवली आणि डीएमएसओ या द्रावकात घेतली. २४ वेलची (खळग्यांची) प्लेट, ४८ तास संपर्क, मग मीडियममधलं (पेशींच्या पोषक द्रवातलं) टेस्टोस्टेरॉन आणि एस्ट्रॅडिओल एलायझा या प्रतिपिंडांवर चालणाऱ्या चाचणीने मोजलं. एमटीटी या पेशी जिवंत आहेत का ते बघणाऱ्या चाचणीत पेशी ठीक दिसतात. फोर्सकोलिन (हार्मोन चढवणारं) आणि प्रोक्लोराझ (उतरवणारं) यांची नियंत्रण प्लेट निकषात बसते.

तेरवाडच्या अर्कात टेस्टोस्टेरॉन कमी आणि एस्ट्रॅडिओल जास्त येतं. वरच्या भागात ऊस आणि मका, म्हणजे ॲट्राझीन हे तणनाशक असणारच. टेस्टोस्टेरॉनचं एस्ट्रॅडिओल करणारं एन्झाइम म्हणजे अरोमाटेज. तर 'पाण्यात अरोमाटेज वाढवणारं रसायन आहे' असं लिहिता येईल का?

रसायनशाळा

इतक्यात लिहू नका. आधी एक साधा प्रश्न : वेलमधलं ते जास्तीचं एस्ट्रॅडिओल पेशींनीच केलं, हे कशावरून?

तेरवाडपर्यंत येणाऱ्या पाण्यात कोल्हापूरचं आणि इचलकरंजीचं सांडपाणी मिसळलेलं असतं. माणसाच्या आणि जनावरांच्या मूत्रातून एस्ट्रोन आणि एस्ट्रॅडिओल बाहेर पडतात, आणि एचएलबी ती उत्तम पकडते. म्हणजे तुम्ही हार्मोनच घट्ट करून वेलमध्ये टाकत असाल. किती घट्ट ते मोजा. १ लिटरचा अर्क १०० मायक्रोलिटर डीएमएसओत आला तर १०,००० पट. त्यातला १ मायक्रोलिटर १ मिली मीडियममध्ये गेला की १,००० पट पातळ. म्हणजे पेशींना मूळ नदीच्या १० पट पाणी मिळालं. नदीत लिटरला १ नॅनोग्रॅम एस्ट्रॅडिओल असेल तर वेलमध्ये मिलीला १० पिकोग्रॅम नुसत्या अर्कातूनच आलं. एच२९५आर पेशींची मूळ पातळी मिलीला किमान ४० पिकोग्रॅम असावी असा निकष आहे. त्याच्या शेजारी हे १० ठेवून बघा.

त्यामुळे पेशी नसलेले वेल लावल्याशिवाय या निकालाला अर्थ नाही. तेच मीडियम, तोच अर्क, तीच मात्रा, ३७ अंशांवर तेच ४८ तास, फक्त पेशी नाहीत. त्यात जे मोजलं जाईल ते मूळ पातळीच्या २० टक्के किंवा जास्त भरलं, तर त्या मात्रेचा आकडा हार्मोननिर्मितीचा पुरावा म्हणून वापरायचा नाही. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०११ च्या ४५६ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत हा हस्तक्षेप तपासायला सांगितलं आहे. रसायन एकटं असेल तर लोक ही पायरी गाळतात. नदीच्या अर्काला ती गाळणं म्हणजे चाचणीच न करणं.

दुसरी अडचण एलायझाची. ही स्पर्धात्मक एलायझा : रंग जितका कमी, तितकं हार्मोन जास्त. अर्क तपकिरी असेल तर त्यात ह्यूमिक आम्लं आहेत. ती प्रतिपिंडाची पकड ढिली करतात, रंग उतरतो आणि यंत्र सांगतं हार्मोन वाढलं. मीडियममध्ये ठरावीक टेस्टोस्टेरॉन आणि एस्ट्रॅडिओल मिसळा, एका नळीत अर्कासह, एका नळीत अर्काशिवाय. दोन्हीकडे तेवढंच परत मिळालं पाहिजे.

पेशीपाल

वरच्याशी पूर्ण सहमत. मी पेशींच्या बाजूने सांगतो, कारण यात दर दुसरी चाचणी पेशींमुळेच फसते.

पॅसेज क्रमांक (पेशी कितव्यांदा नव्या भांड्यात वाढवल्या) किती? गोठवलेल्या कुपीतून काढल्यावर निदान ४ पॅसेज होऊ द्यायचे आणि १० च्या पुढे जायचं नाही. पेशी दिसायला तशाच राहतात, पण वय वाढलं की हार्मोनचा ताळा बदलतो, विशेषतः एस्ट्रॅडिओलचा. पॅसेज ५ ची एक फेरी आणि पॅसेज १० ची दुसरी यांची सरासरी काढली तर त्रुटीपट्ट्या इतक्या रुंद होतात की खरा परिणाम त्यातच बुडतो.

मीडियम : डीएमईएम आणि हॅम्स एफ१२ समप्रमाणात, आयटीएस प्लस आणि २.५ टक्के न्यू-सीरम (सीरमचा तयार पर्याय). आयटीएस प्लसमधून शेवटी मिलीला इन्सुलिन ६.२५ मायक्रोग्रॅम, ट्रान्सफेरिन ६.२५ मायक्रोग्रॅम, सेलेनियम ६.२५ नॅनोग्रॅम, बीएसए १.२५ मिलिग्रॅम आणि लिनोलेइक आम्ल ५.३५ मायक्रोग्रॅम असं पोचतं. न्यू-सीरमच्या प्रत्येक लॉटमध्ये स्वतःची हार्मोन थोडीबहुत असतातच. नवा लॉट आला की नुसतं मीडियम मोजून तो आकडा वहीत हवा. न्यू-सीरम संपलं म्हणून मध्येच साधं गाईच्या वासराचं सीरम वापरलं, तर त्या प्लेटची तुलना आधीच्या प्लेटशी करू नका.

पेरणी मिलीला २ ते ३ लाख पेशी, वेलला १ मिली. २४ तासांनी तळ ५० ते ६० टक्के भरलेला दिसावा. या पेशी गुठळ्या करतात. ट्रिप्सिननंतर नीट सुट्या केल्या नाहीत तर एका वेलमध्ये झुबका आणि शेजारी उजाड, मग तिप्पट वेल लावूनही मेळ बसत नाही. २४ तासांनी जुनं मीडियम काढलंच पाहिजे, नाहीतर आदल्या दिवशीचं हार्मोन मोजणीत शिरतं. अर्क थेट पेशींवर टाकू नका. डीएमएसओ जड, तो खाली बसून तिथल्याच पेशी भाजतो. काचेच्या कुपीत कोमट मीडियममध्ये आधी मिसळून घ्या. डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या वर नको.

पंचगंगाकाठ

पॅसेज ७ आणि ८. पेशी नसलेले वेल लावले नव्हते, ते लावतो. समजा त्यातून एस्ट्रॅडिओल निघालं नाही, तर मात्र अरोमाटेज म्हणता येईल ना? एस्ट्रॅडिओल टेस्टोस्टेरॉनपासून होतं, म्हणून एक उतरलं आणि दुसरं चढलं.

अनुजा शिरोळ

हिशोब बसत नाही, बघा. पेशी एस्ट्रॅडिओलपेक्षा टेस्टोस्टेरॉन कितीतरी जास्त करतात. निकषच मिलीला ५०० पिकोग्रॅम विरुद्ध ४० असे आहेत. एस्ट्रॅडिओल ४० चं ८० झालं, दुप्पट, तरी त्याला फार तर चाळीसेक पिकोग्रॅम टेस्टोस्टेरॉन लागलं. दोघांचे रेणुभार २८८ आणि २७२, म्हणजे फरक किरकोळ. ५०० मधून ४० गेले तर ४६० उरायला हवेत. तुमचं टेस्टोस्टेरॉन त्याहून बरंच खाली असेल, तर ते एस्ट्रॅडिओलमध्ये गेलेलं नाही. ते मुळात कमी तयार झालंय. दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडताहेत असं धरून चाला. नदीच्या पाण्यात एकच रसायन नसतं, त्यामुळे हे अपेक्षितच आहे.

कमी का तयार झालं हे कळायला वाट वरून खाली बघावी लागते. कोलेस्टेरॉलला स्टार प्रथिन मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यापर्यंत नेतं. तिथे सीवायपी११ए१ हे एन्झाइम त्याचं प्रेग्नेनोलोन करतं (पुढची सीवायपी आणि एचएसडी नावंही एन्झाइमांचीच). ३-बीटा-एचएसडी-२ त्याचं प्रोजेस्टेरॉन करतं. सीवायपी१७ए१ दोन कामं करतं, १७ व्या जागी हायड्रॉक्सिल बसवणं आणि मग साखळी तोडून अँड्रोजेनकडे वळवणं. सीवायपी२१ए२ माल कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉनच्या बाजूला नेतं. शेवटचा हात सीवायपी११बी१ फिरवतं कॉर्टिसॉलसाठी, सीवायपी११बी२ अल्डोस्टेरॉनसाठी. सीवायपी१९ म्हणजे अरोमाटेज पार टोकाला.

आता कुठलं दार बंद झालं ते मागे साचलेल्या मालावरून ओळखायचं :

सीवायपी१७ए१ अडलं तर प्रोजेस्टेरॉन साचतं, आणि अँड्रोस्टेनडायोन, टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसॉल सगळी उतरतात. प्रोक्लोराझचं मुख्य काम हेच. सीवायपी२१ए२ अडलं तर १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन साचतं, कॉर्टिसॉल उतरतं, अँड्रोजेन मात्र वाढू शकतात. सीवायपी११बी१ अडलं तर ११-डीऑक्सिकॉर्टिसॉल साचतं आणि कॉर्टिसॉल उतरतं. टेस्टोस्टेरॉनला धक्काही लागत नाही. मेटिरापोन हे यासाठी चांगलं नियंत्रण. ट्रायलोस्टेनने ३-बीटा-एचएसडी अडवलं तर प्रेग्नेनोलोन आणि डीएचईए वर, बाकी सगळं खाली. आणि स्टार किंवा सीवायपी११ए१ पाशीच गाडं अडलं तर काहीच साचत नाही, सगळंच उतरतं. हे शेवटचं चित्र मरणाऱ्या पेशींसारखंच दिसतं. म्हणून पेशींची मोजणी पक्की लागते.

नुसतं टेस्टोस्टेरॉन आणि एस्ट्रॅडिओल मोजून यातलं निम्मंही दिसत नाही. सीवायपी११बी१ बंद करणारं रसायन त्या दोघांत साफ निसटतं. भूल देण्याच्या एटोमिडेट या औषधाचं बघा, त्याच्या एका मात्रेनेसुद्धा माणसाचं कॉर्टिसॉल काही तास दबतं, आणि ते याच एन्झाइमवर बसतं. मार्गदर्शिकेने ही दोन हार्मोन निवडली ती प्रजननाच्या प्रश्नासाठी. प्रश्न ॲड्रिनलचा असेल तर कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन मोजलेच पाहिजेत. निरोगी प्रौढ ॲड्रिनल एस्ट्रॅडिओल जवळजवळ करतच नाही. या पेशी कर्कगाठीतून आलेल्या आहेत, त्यांच्यात तिन्ही थरांची कामं एकत्र चालतात.

गूळपेठ

उत्तम प्रतिसाद. यात शेतीची बाजू जोडतो. ॲट्राझीनबरोबर बुरशीनाशकंही धरा. ऊसाच्या तांबेऱ्यावर प्रोपिकोनाझोल, टेब्युकोनाझोल फवारतात. शेजारी तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षावर हेक्झाकोनाझोल. ही सगळी ॲझोल. बुरशीचं जे एन्झाइम ती अडवतात तेही सीवायपी घराण्यातलंच, सीवायपी५१. ॲझोलच्या कड्यातला नायट्रोजन एन्झाइमच्या मधोमध असलेल्या हीमच्या लोहाला चिकटतो. मानवी ॲड्रिनलमधल्या सीवायपींतही तेच हीम आहे. किती घट्ट चिकटेल ते रेणूच्या उरलेल्या आकारावर.

त्यामुळे 'ॲझोलने टेस्टोस्टेरॉन उतरवलं आणि ॲट्राझीनने एस्ट्रॅडिओल चढवलं' असंही चित्र शक्य आहे. आणखी एक : इचलकरंजीच्या धुलाई-रंगाई कारखान्यांच्या पाण्यात नॉनिलफिनॉल इथॉक्झिलेटचे तुकडे असू शकतात. ती साबणासारखी द्रव्यं, जास्त मात्रेत पेशींचे पडदेच ढिले करतात.

पेशीपाल

म्हणूनच एकट्या एमटीटीवर विसंबू नका. एमटीटी पेशींची चयापचयाची धग मोजतं, त्यातला मोठा वाटा मायटोकॉन्ड्रियाचा. कॉर्टिसॉलच्या वाटेची पहिली आणि शेवटची पायरी पण तिथेच. मायटोकॉन्ड्रियाला इजा करणारं रसायन दोन्ही आकडे एकदम खाली आणतं आणि पेशी मेल्यासारखं वाटतं. उलट पेशी कमी होऊनही उरलेल्या जोरात चालल्या तर एमटीटी सपाट राहतं. कॅल्सिन-एएम आणि इथिडियम होमोडायमरचं जिवंत-मृत रंजन जोडीला लावा. शून्य जिवंत म्हणून काही वेलमध्ये ७० टक्के मेथॅनॉल ३० मिनिटं. जगण्याचं प्रमाण ८० टक्क्यांच्या खाली गेलेली मात्रा निकालातून बाद.

आणि कृपा करून हार्मोनच्या आकड्याला एमटीटीच्या आकड्याने भागून 'दुरुस्त' करू नका. त्याने हार्मोन वाढल्याचा खोटा शोध लागतो.

रसायनशाळा

ॲट्राझीनबद्दल थोडं खोलात, कारण मूळ प्रश्न त्याचा आहे. ॲट्राझीन, सिमाझीन, प्रोपाझीन या क्लोरोट्रायझिनांनी एच२९५आर पेशींत अरोमाटेज वाढतं हे २००० साली प्रसिद्ध झालं. ॲट्राझीन एन्झाइमला हात लावत नाही. ते फॉस्फोडायएस्टरेज अडवतं, सायक्लिक एएमपी (पेशीतला निरोप्या रेणू) मोडायचं थांबतं, साचतं, आणि त्याने सीवायपी१९ चं जनुक जास्त वाचलं जातं. फोर्सकोलिनही सायक्लिक एएमपीच वाढवतं, पण बनवणारं एन्झाइम चेतवून. म्हणूनच नियंत्रण प्लेटवर १० मायक्रोमोलर फोर्सकोलिनने एस्ट्रॅडिओल निदान साडेसात पट आणि टेस्टोस्टेरॉन दीडपट व्हावं अशी अट आहे, आणि १ मायक्रोमोलर प्रोक्लोराझने दोन्ही निम्म्यावर किंवा त्याहून खाली यावीत अशी.

जनुकामार्फत होणाऱ्या परिणामाला वेळ लागतो, थेट अडवणुकीला लागत नाही. हाच फरक चाचणीत वापरा. एका प्लेटवर अर्क ४८ तास ठेवा, मग धुऊन काढा, ताज्या मीडियममध्ये अँड्रोस्टेनडायोन द्या आणि तासा-दीड तासात किती एस्ट्रोन झालं ते मोजा. अर्क निघून गेल्यावरही वेग जास्त राहिला तर एन्झाइमच वाढलंय. दुसऱ्या प्लेटवर अर्क फक्त त्या शेवटच्या दीड तासापुरता द्या. तिथे वेग मंदावला तर अर्कात थेट अडवणारंही काही आहे. ट्रिशियमवाली (किरणोत्सारी हायड्रोजनची) पद्धत जास्त संवेदनशील, पण त्याला अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी आणि व्यवस्था हवी. जोडीला सीवायपी१९ए१ चं क्यूपीसीआर (जनुक किती वाचलं जातंय त्याची मोजणी) करा, आणि संदर्भ जनुक अर्काने स्वतः हलत नाही ना ते आधी तपासा.

पाण्यात ॲट्राझीन आहे की नाही हे मात्र रासायनिक मोजणीनेच ठरेल. पेशी रसायनाचं नाव सांगत नाहीत.

अनुजा शिरोळ

मोजणीसाठी एलायझाऐवजी एलसी-एमएस/एमएस (रेणू सुटे करून वजनावरून ओळखणारं यंत्र) मिळत असेल तर तिकडे वळा. एच२९५आरमध्ये अँड्रोस्टेनडायोन टेस्टोस्टेरॉनपेक्षा पुष्कळ जास्त असतं. प्रतिपिंडाने त्याला थोडंसं जरी ओळखलं तरी टेस्टोस्टेरॉनचा आकडा फुगतो. एलायझाच करायची तर आधी डायएथिल ईथरने दोनदा निष्कर्षण. ईथर ताजं हवं, जुन्यात पेरॉक्साइड होतात, आणि ठिणगीपासून लांब.

एलसी-एमएसमध्ये प्रोजेस्टेरॉन, १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, ११-डीऑक्सिकॉर्टिसॉल, कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन, अँड्रोस्टेनडायोन, टेस्टोस्टेरॉन एकाच फेरीत निघतात. ड्युटेरियमयुक्त अंतर्गत मानकं निष्कर्षणाच्या आधी घाला, नंतर नव्हे. एस्ट्रॅडिओलचं आयनीभवन कमजोर आहे. म्हणून त्याला आधी डॅन्सिल क्लोराइड जोडायचं, ६० अंशांवर पाच-दहा मिनिटं, अल्कधर्मी बफरमध्ये, आणि मग ५०६ वजनाच्या आयनाचा १७१ वजनाचा तुकडा मोजायचा. १७१ हा तुकडा डॅन्सिलचाच असतो, त्यामुळे तसंच वजन असलेलं दुसरं फिनॉल त्या वेळेला येत नाही ना, ते स्तंभावर सुटं करून बघायचं. नदीच्या अर्कात फिनॉल भरपूर असतात.

कळंबा४१६००७

एक शंका. प्लेटमध्ये कॉर्टिसॉल उतरलं म्हणजे नदीकाठच्या माणसाचंही उतरेल का? लोक हा निकाल वाचून हाच प्रश्न विचारतील.

रसायनशाळा

नाही, तसं थेट म्हणता येत नाही. शरीरात कॉर्टिसॉल कमी झालं की मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी जास्त एसीटीएच हे हार्मोन सोडते आणि ॲड्रिनलला हाकते. बरीच तूट त्यातूनच भरून निघते. किंमत म्हणून ग्रंथी वाढते आणि ताण आल्यावर द्यायला हाताशी काही राखून राहत नाही. प्लेटमध्ये पिट्युटरी नाही. शिवाय एच२९५आर पेशी एसीटीएचला फारसा प्रतिसाद देत नाहीत, कारण त्यांच्यावर त्याचे ग्राहक (रिसेप्टर) कमी आहेत. यकृतही नाही, म्हणजे रसायन शरीरात मोडतं की अजून घातक होतं तेही कळत नाही.

ते घातक होणं ॲड्रिनलमध्येच घडू शकतं. डीडीटीपासून शरीरात तयार होणारं एक मिथिलसल्फोन, ३-मिथिलसल्फोनिल-डीडीई, उंदराच्या ॲड्रिनलमध्ये सीवायपी११बी१ च्याच हातून सक्रिय होतं आणि कॉर्टिकोस्टेरोन करणारा थर मारतं. डीडीटीचंच दुसरं भावंड ओ-पी-डीडीडी, म्हणजे मायटोटेन, ॲड्रिनलच्या कर्करोगावर औषध म्हणून देतात, ते त्या पेशी मारतं म्हणूनच. मुळात या ग्रंथीत चरबी भरपूर, रक्तपुरवठा भरपूर आणि सीवायपी एन्झाइमं गच्च. रसायनं इथे साचतात आणि इथेच बदलतात. म्हणून या चाचणीचा निकाल 'आजार होतो' असा लिहायचा नाही, 'हार्मोनच्या वाटेवर अमुक ठिकाणी अडथळा येतो, पुढे तपासायला हवं' असा लिहायचा. पण तेवढंही हलकं समजू नये. हे पाणी लोकांच्या घरात जातं.

गूळपेठ

नमुन्याबद्दल : पावसाळ्यात पुराचं पाणी आणि उन्हाळ्यात बंधाऱ्यात अडून राहिलेलं पाणी यांची तुलना एका आकड्यात करू नका. तणनाशक वाहून येतं ते फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात, सांडपाणी घट्ट असतं ते एप्रिल-मेमध्ये. रसायनाचं मूळ शोधायचं तर या दोन्ही वेळा वेगळ्या घ्याव्या लागतील.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. नवी मांडणी अशी ठरवतो आहे : प्रत्येक अर्काच्या सात मात्रा, नदीच्या १० पटीपासून खाली अर्ध्या लॉगच्या (दर पायरीला सुमारे ३.२ पट कमी) पायऱ्या. सात गुणिले तीन वेल आणि तीन द्रावक नियंत्रण (नुसता डीएमएसओ), अशी २४ ची प्लेट. वेगवेगळ्या दिवशी तीन स्वतंत्र फेऱ्या. पेशी नसलेली जोडप्लेट. मीडियम दोन कुप्यांत वाटून उणे ८० वर. कॉर्टिसॉल, ११-डीऑक्सिकॉर्टिसॉल आणि प्रोजेस्टेरॉन जोडून. काही सुटतंय का?

पेशीपाल

दोन गोष्टी. नियंत्रण प्लेट दर फेरीला त्याच पॅसेजच्या पेशींवर लावा, महिन्यातून एकदा नव्हे. आणि आकडेवारीत एका प्लेटचे तीन वेल म्हणजे तीन प्रयोग धरू नका. संख्या तीन येते ती तीन फेऱ्यांची. द्रावक नियंत्रणाशी तुलना डनेटच्या संख्याशास्त्रीय चाचणीने, आणि लगतच्या दोन मात्रांत किंवा सर्वांत वरच्या मात्रेत फरक दिसला तरच परिणाम म्हणायचा.

रसायनशाळा

कोरा नमुना सुटलाय. १ लिटर शुद्ध पाणी त्याच बाटलीत भरून बंधाऱ्यावर न्या, तिथे झाकण उघडा, परत आणा आणि सगळ्या पायऱ्यांतून काढा : तोच ०.७ मायक्रॉनचा काचतंतूचा गाळणकागद, तोच कार्ट्रिजचा लॉट, तेच मेथॅनॉल. बाटल्या गडद काचेच्या, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर, पंपाला साधी प्लास्टिकची नळी नको. नळीतले थॅलेट आणि डब्यातलं बिस्फिनॉल दहा हजार पट घट्ट होऊन पेशींवर गेले, तर तुम्ही नदी नव्हे, नळी मोजाल. नळाच्या पाण्याचाही नमुना घेणार असाल तर तो भरतानाच सोडियम थायोसल्फेट टाका, म्हणजे उरलेला क्लोरीन वाटेत रसायनं बदलणार नाही. कोऱ्या नमुन्याच्याही सातही मात्रा लावा आणि तुलना त्याच्याशीही करा, नुसत्या डीएमएसओशी नव्हे.